सूर्य मावळायच्या आत

मेघजीभाई शहांना विचारल्याशिवाय लंडनच्या केंटन-हॅरोकडचं एकही जैन घर बाहेर जेवायला जात नसे. नैरोबीहून व्याही येवोत, मुलगी बघायला कुणी येवो, नाहीतर कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होवोत, आधी मेघजीभाईंचा फोन वाजायचा. भाई, सात जण आहोत, कांदा-लसूण नको, बटाटा नको, सासूबाईंना जिना चढवत नाही, तर कुठे जाऊ? मेघजीभाई आधी एक लांब उसासा टाकत, डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेऊन टाकावा तसा, आणि मग बोलायला लागत. ड्रमंड स्ट्रीटला जा, पण भेळ आणि शेवपुरीच्या पलीकडे जाऊ नका. ईलिंग रोडला कोपऱ्यावर ढोकळा चांगला मिळतो, कढी मात्र गोड लागेल. टूटिंगला डोसा उत्तम, पण तवा वेगळा मागून घ्या, लाजू नका. अमक्या ठिकाणी पाटीवर जैन लिहिलंय, तरी वड्यात बटाटा निघाला, तेव्हा तिकडे फिरकायचं नाही. हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. कागदावर एक अक्षर नव्हतं.

हे ज्ञान त्यांनी पदरमोड करून आणि पोटाचे हाल करून मिळवलं होतं. अडुसष्ट साली मोंबासाहून लंडनला आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात एका हॉटेलात त्यांनी शाकाहारी जेवण मागितलं. वेटरने कोंबडीच्या रश्श्यातले तुकडे काढून उरलेला रस्सा समोर ठेवला आणि आपण या माणसावर उपकार केले अशा चेहऱ्याने उभा राहिला. त्या दिवसापासून मेघजीभाई हॉटेलात शिरले की आधी स्वयंपाकघरात जात. पुढे बसवर ड्रायव्हर झाल्यावर ते खाकी-निळ्या गणवेशातच आत घुसायचे. आचारी त्यांना सरकारी तपासनीस समजून भराभर ओटे पुसायला लागायचे. मेघजीभाईंनी हा गैरसमज कधी दूर केला नाही.

अमृतबेनना, त्यांच्या पत्नीला, खरं तर बाहेरच्या जेवणाचं एवढं कौतुक नव्हतं. घरची खिचडी आणि वर चमचाभर तूप, एवढ्यावर त्यांचं भागायचं. पण पंचावन्न वर्षं त्या प्रत्येक हॉटेलात नवऱ्याच्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. पहिला घास तोंडात गेल्यावर मेघजीभाईंचे डोळे मिटतात, मग एक भुवई वर जाते आणि मग निकाल लागतो, हे बघायला त्यांना आवडायचं. मैत्रिणींना त्या सांगायच्या की आमच्याकडे हे जेवत नाहीत, परीक्षा घेतात. सांगताना नाक मुरडायच्या, पण आवाजात कौतुक लपायचं नाही.

दोघांचा चौविहार होता. सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. एकेचाळीस वर्षांपूर्वी जामनगरच्या देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, साधू महाराजसाहेबांसमोर हात जोडून दोघांनी तो घेतला होता. जामनगरात घेणं सोपं होतं, लंडनमध्ये पाळणं अवघड होतं. जूनमध्ये रात्री आठ वाजता डोळ्यांवर ऊन घेत जेवायचं, आणि डिसेंबरमध्ये सव्वातीनला, दुपारचं जेवण घशाखाली उतरलेलं नसताना, रात्रीच्या जेवणाला बसायचं. मेघजीभाई नोकरीत होते तेव्हा हिवाळ्यात शेवटच्या थांब्यावर बस उभी करून साडेतीनला डबा उघडत. उतारू काचेवर टकटक करायचे. मेघजीभाई थेपला चावत घड्याळाकडे बोट दाखवायचे आणि जेवण संपल्याशिवाय दार उघडायचे नाहीत. अमृतबेननी तर पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा रात्री पाणी घेतलं नव्हतं. नर्सने नुसते ओठ ओले करते म्हटलं, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं होतं.

मग गेल्या वर्षी कधीतरी मेघजीभाईंनी कुणाला तरी असं एक हॉटेल सुचवलं, जे बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. ती मंडळी त्या जागी आलेल्या चावीवाल्याच्या दुकानासमोर नटूनथटून उभी राहिली आणि फोन करून हसली. अमृतबेनही हसल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी तेच हॉटेल पुन्हा सुचवलं. मग गल्ली चुकायला लागले, नातवंडांची नावं गेली आणि हळूहळू सगळं लंडनच गेलं. एक्क्याऐंशीव्या वर्षी मेघजीभाई परत मोंबासाला राहायला गेले. फक्त शरीराने ते केंटनमध्ये होते.

उन्हाळ्यात हे निभावलं. मोंबासात बारा महिने तेरा काळ सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे मेघजीभाईंना पाच-साडेपाचला भूक लागायची. इथे तेव्हा लख्ख ऊन असायचं. ते पोटभर जेवायचे आणि आंब्याचा रस मागायचे. पण ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे गेली आणि दिवस आखडायला लागला. नोव्हेंबरात चारलाच अंधार पडू लागला. तीन वाजता ताट वाढलं की मेघजीभाई दुखावल्यासारखे बघत आणि म्हणत, आत्ताच तर जेवलो. बायकोचं मन राखायला दोन घास खात. साडेपाचला खरी भूक लागली की स्वतःच टेबलाशी येऊन बसत, खिडकीबाहेर बघत, काळोख दिसला की ताट हळूच पुढे सरकवत आणि म्हणत, राहू दे, उद्या बघू. बायकोचं नाव सोडून बाकी सगळं विसरत चाललेल्या त्या माणसाला व्रत तेवढं पक्कं आठवत होतं.

महिन्याभरात त्यांचं नऊ किलो वजन गेलं. घरी वजन करायला येणारी आयरिश नर्स चांगली बाई होती. तिने काटा बघितला, चष्मा काढला आणि अमृतबेनना शेजारी बसवून सांगितलं की असंच चाललं तर नाताळाच्या आत इस्पितळात न्यावं लागेल आणि नाकातून नळी घालावी लागेल. एकदा नळी लागली की या वयात ही माणसं सहसा घरी परत येत नाहीत. वेळेचं काय घेऊन बसलात, त्यांना भूक लागेल तेव्हा खाऊ द्या, असं ती म्हणाली. अमृतबेननी मान डोलावली. तिला चहा दिला, सुंठेचा, आणि ती गेल्यावर देवघरासमोर जाऊन बसल्या.

मुलगी बीजल पिनरला औषधाचं दुकान चालवायची. तिने सगळे उपाय करून बघितले. तीनला पडदे ओढून घरभर दिवे लावले, साडेपाच झाले असं वाटावं म्हणून घड्याळं पुढे केली. पण एकोणतीस वर्षं बस चालवलेला माणूस बाहेर बघितल्याशिवाय काही करत नाही. मेघजीभाई उठले, पडदा बाजूला सारला, बाहेरची दुपार बघितली आणि परत येऊन ताट पुढे सरकवलं.

शेवटी बीजलच म्हणाली की बापुजींना त्यांच्या आवडीच्या हॉटेलांत नेऊ, दिवसाउजेडी. जिभेला काहीतरी आठवेल. अमृतबेनना हे पटलं. त्यांनी शालीखाली लोकरी बंडी चढवली आणि मायलेकी त्यांना घेऊन निघाल्या.

पहिल्यांदा ड्रमंड स्ट्रीटला गेले. गाडी पार्क करण्याची कटकट नको म्हणून आगगाडीने गेले आणि दीडला टेबलाशी बसले. म्हाताऱ्या मालकाने मेघजीभाईंना ओळखलं आणि हात हातात घेतला. मेघजीभाईंचा चेहरा उजळला. मग ते उठून थेट स्वयंपाकघरात गेले. तवा बघितला, तेल हुंगलं, चटणीचं भांडं उघडून आत डोकावले, एका पोऱ्याला नखं कापायला सांगितलं. वीस मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, सगळं ठीक आहे, तुम्ही बायका जेवून घ्या. आणि तुम्ही? ते म्हणाले, मी ड्युटीवर असताना खात नाही.

दुसऱ्यांदा ईलिंग रोडला. तिथे त्यांनी ढोकळ्याची बशी शेजारच्या टेबलावरच्या एका अनोळखी बाळंतिणीपुढे ठेवली आणि तिने पूर्ण संपवेपर्यंत तिच्याकडे बघत बसले. तिसऱ्यांदा टूटिंगला निघाले तर वाटेत एवढी गर्दी लागली की पोचेपर्यंत चार वाजून दहा मिनिटं झाली. डोसा पुढ्यात आला आणि बाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेले होते. मेघजीभाईंनी दोघींना खडसावलं. एवढ्या मोठ्या झालात आणि ही काय जेवायला आणायची वेळ आहे? लोक बघायला लागले. मेघजीभाईंचं काही चुकलेलं नव्हतं, म्हणून दोघींनी माना खाली घातल्या.

परतताना मेघजीभाई मागच्या सीटवर झोपले. त्यांच्या पट्ट्याला बीजलने कात्रीने नवं भोक पाडलं होतं, तेही आता सैल झालं होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बीजल रडायलाच लागली.

"बा, तू एकदा सांग ना त्यांना, सूर्य अजून आहे म्हणून. माझं ऐकत नाहीत, कुणाचंच ऐकत नाहीत. तुझं ऐकतील."

"माझं ऐकतील, म्हणूनच सांगत नाही," अमृतबेन म्हणाल्या.

बीजलला राग आला. व्रत मोठं की माणूस, असं तिने विचारलं. हाच प्रश्न अमृतबेन रोज पहाटे सामायिकाच्या ध्यानाला बसल्यावर स्वतःलाच विचारत होत्या. त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं की पाप तीन तऱ्हांनी लागतं. आपण केल्याने, दुसऱ्याकडून करवल्याने आणि केलेलं बरं झालं म्हटल्याने. आपलं व्रत मोडलं तर आपण प्रायश्चित्त घेऊ. पण जो माणूस डोळे झाकून आपल्यावर विश्वास टाकतो, त्याचं एकेचाळीस वर्षांचं व्रत त्याला फसवून मोडायचं, आणि ते त्याला कळणारही नाही. तो शुद्धीवर असता तर त्याने आपल्याला माफ केलं असतं का? या ठिकाणी येऊन त्यांचा विचार रोज अडायचा. तोवर मेघजीभाई उठायचे आणि चहा मागायचे.

राहता राहिलं शिवनेसनचं हॉटेल. ते घरापासून पाच मिनिटांवर होतं. सगळ्या लंडनला जेवायच्या जागा सांगणाऱ्या मेघजीभाईंनी ही जागा मात्र कुणाला सांगितली नव्हती. सांगितली की गर्दी होईल आणि आपल्याला टेबल मिळणार नाही, असं त्यांचं साधं गणित होतं. शिवनेसन श्रीलंकेतल्या जाफन्याचा तमिळ. सत्त्याण्णव साली त्याने आठ टेबलांचं हॉटेल काढलं आणि आजूबाजूला सगळे गुजराती असल्यामुळे बघता बघता गुजराती बोलायला शिकला. बटाट्याच्या जागी कच्चं केळं घालून मसाला डोसा करायला मेघजीभाईंनीच त्याला शिकवलं होतं. त्यासाठी ते सलग अकरा दिवस तव्याशी उभे होते आणि अकराव्या दिवशी शिवनेसनने तुमच्यापेक्षा माझी सासू बरी असं म्हटलं होतं. त्याच्या गल्ल्याशेजारी देरासरात मिळणारं सूर्यास्ताच्या वेळांचं पत्रक चिकटवलेलं असे. हिवाळ्यात दारातून कुणी म्हातारी जैन बाई आली की तो तव्यावरूनच ओरडायचा, मासी, सतरा मिनिटं राहिलीत, इडली घ्या, डोसा होणार नाही. पण सप्टेंबरात त्याची आई जाफन्याला वारली, तो तिकडे गेला आणि दुकानाचं शटर तीन महिने खाली होतं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी, साडेपाचच्या सुमाराला, मेघजीभाई उठले आणि कोट चढवायला लागले. अमृतबेननी सव्वातीनला आपली खिचडी खाल्ली होती. मेघजीभाईंनी नेहमीसारखे दोन घास घेतले होते. गुरुवारी नर्स यायची होती, आणि या वेळी डॉक्टरही बरोबर येणार होते.

कुठे निघालात, असं त्यांनी विचारलं. जेवायला, मेघजीभाई म्हणाले, मला भूक लागली आहे. अडवायचं नाही, अडवलं की ते घाबरतात, हे अमृतबेनना आता कळलेलं होतं. त्यांनी बूट चढवले, किल्ली घेतली आणि त्या मागोमाग निघाल्या. बाहेर कडाक्याची थंडी होती. मेघजीभाई कुठेही न चुकता चालत होते, पाय ओळखीच्या रस्त्याने आपोआप जातात तसे. कोपऱ्यावर वळल्यावर अमृतबेनना दिसलं की शिवनेसनचं शटर वर आहे आणि आत दिवे आहेत.

हॉटेलात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. शिवनेसन गल्ल्यामागे पेपर वाचत होता. त्याने आईसाठी मुंडण केलेलं होतं, केस अजून आखूडच होते. त्याने मेघजीभाईंकडे बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. तीन महिन्यांत माणसाचं असं होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मेघजीभाई खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. शिवनेसन दोघांच्या पाया पडला आणि त्याने तवा चढवला. काय हवं ते त्याने विचारलं नाही.

डोसा आला तेव्हा त्याच्या कडा अजून कुरकुरत होत्या. मेघजीभाईंनी नाक खाली नेऊन वास घेतला. त्यांनी स्वतःच्या हाताने तुकडा मोडला, आतलं केळं त्यात गुंडाळलं आणि चटणीला लावलं. ऑक्टोबरपासून अमृतबेननी त्यांना असं आपणहून खाताना बघितलं नव्हतं. आणि तेवढ्यात मेघजीभाईंचा हात थांबला. त्यांनी खिडकीकडे बघितलं.

बाहेर काळोख होता. एक बस आतले सगळे दिवे लावून गेली.

"अमृत," मेघजीभाई म्हणाले, "सूर्य मावळला का गं?"

एवढ्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ते सांगायचे, आज तीन बावन्न, आज तीन त्रेपन्न, आणि त्या ऐकायच्या. आज ते विचारत होते, आणि अमृतबेनच्या तोंडाकडे शाळेतलं पोर बघतं तसे बघत होते. मनगटावरचं घड्याळ घसरून कोपराकडे गेलेलं होतं. त्यांना भूक लागलेली होती. नुसती, साधी, पोटातली भूक, आणि ती भागवावी की नाही हे ते आपल्या बायकोला विचारत होते.

शिवनेसन तव्याशी निश्चल उभा होता. पत्रक त्याच्या हाताच्या अंतरावर होतं.

"नाही," अमृतबेन म्हणाल्या. "अजून आहे."

"बाहेर अंधार दिसतोय."

"आभाळ भरलंय. डिसेंबर आहे ना."

मेघजीभाईंनी विचार केला. डिसेंबरातली आभाळं त्यांना ठाऊक होती. भर दुपारी बसचे पुढचे दिवे लावून त्यांनी कितीतरी फेऱ्या केल्या होत्या. त्यांनी मान डोलावली. घास तोंडाजवळ गेला. मग पुन्हा खाली आला.

"मग तुझं ताट कुठाय?"

"मला भूक नाही. तुम्ही घ्या, गार होईल."

"भूक नाही म्हणजे काय? आत्ता नाही खाल्लंस तर उद्या सकाळपर्यंत काही नाही मिळायचं. पाणीसुद्धा नाही." बोलता बोलता त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी घास ताटात ठेवला, रुमाल काढला आणि एकेक बोट पुसलं. "अमृत, मावळला असेल तर तसं सांग. मी काही रागावणार नाही. मला सवय आहे."

रागावले असते तर सोपं होतं. टूटिंगला रागावले होते तेव्हा अमृतबेननी मान खाली घातली आणि निभावून नेलं. पण मला सवय आहे असं म्हणून भुकेला माणूस समजूतदारपणे बोटं पुसतो आहे, हे त्यांना बघवेना. त्यांना नर्सचा काटा आठवला नाही, नळी आठवली नाही, महाराजसाहेबही आठवले नाहीत. त्यांना एवढंच दिसलं की या माणसाने त्यांच्याशिवाय जेवायला नकार दिला आहे.

"शिवनेसन," त्या म्हणाल्या, "मलाही एक आण."

शिवनेसनने पत्रकाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. सत्तावीस वर्षं तो या बाईंना ओळखत होता. एकदा सूर्यास्ताला दोन मिनिटं उरलेली असताना त्याने पाण्याचा पेला पुढे केला होता, तर त्यांनी तो न घेता हात जोडले होते, घाईत पिण्यापेक्षा नकोच म्हणून.

"मासी..." तो म्हणाला.

"छोटा आण."

तो वळला. तव्यावर पीठ पसरल्याचा आवाज आला. मेघजीभाई हात मांडीवर ठेवून बायकोच्या ताटाची वाट बघत होते, लग्नाच्या पंगतीत बघतात तशी. डोसा आला. अमृतबेननी मनात नवकार मंत्र म्हटला, एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

काही झालं नाही. छत कोसळलं नाही, पोटात मुरडा आला नाही. केळं मऊ होतं, मोहरी दाताखाली आली, हिंगाचा झणका नाकात गेला. डोसा चविष्ट होता, आणि त्याचंच त्यांना सगळ्यात जास्त वाईट वाटलं. बेचव असता तर औषध म्हणून गिळला असता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मेघजीभाईंनी विचारलं, तिखट आहे का? त्या हो म्हणाल्या. संध्याकाळचं हे तिसरं खोटं होतं आणि ते पहिल्याइतकं जड गेलं नाही.

मग मेघजीभाई जेवले. घास तोंडात गेल्यावर त्यांनी डोळे मिटले, भुवई वर गेली आणि त्यांनी शिवनेसनला हाक मारून सांगितलं की केळं अजून दोन मिनिटं परतायला हवं होतं. शिवनेसन हो भाई म्हणाला आणि तोंड फिरवून त्याने उपरण्याला नाक पुसलं. मेघजीभाईंनी डोसा संपवला, चटणीची वाटी बोटाने पुसली आणि आणखी एक मागितला. दुसराही संपवला. अमृतबेन हळूहळू, एकेक घास, त्यांच्या बरोबरीने खात राहिल्या. त्या थांबल्या की तेही थांबत.

खाताना त्यांच्या लक्षात आलं की हे एका दिवसाचं नाही. उद्या साडेपाचला नवऱ्याला पुन्हा भूक लागेल. उद्या पुन्हा सूर्य अजून आहे म्हणावं लागेल आणि उद्या पुन्हा आपलं ताट मांडावं लागेल, परवाही, थेट मार्चमध्ये दिवस मोठा होईपर्यंत. देरासरात जाऊन हे सांगावं लागेल. बायका काय म्हणतील ते म्हणोत. जे प्रायश्चित्त सांगतील ते त्या करतील, दिवसातून एकदाच अळणी जेवायची शंभर आयंबिल सांगितली तरी करतील. पण समोर बसलेल्या माणसाचं व्रत मोडलेलं नव्हतं. तो भर दिवसा जेवत होता. त्याच्या आभाळात सूर्य होता आणि तो तिथे आहे असं त्याला त्याच्या बायकोने सांगितलं होतं. एवढं पाप अमृतबेनना झेपणार होतं.

मेघजीभाईंनी ताट पुढे सरकवलं. ते रिकामं होतं. त्यांनी एक बारीक ढेकर दिला, खिडकीबाहेरच्या काळोखाकडे जरा वेळ निरखून बघितलं आणि मग एकदम घाई झाल्यासारखं पाण्याने भरलेला पेला उचलून बायकोसमोर ठेवला.

"अमृत, पाणी पिऊन घे पटकन," ते म्हणाले. "आता मावळेलच. मग तुला रात्रभर तहान लागेल."

अमृतबेननी पेला उचलला. ते बघत होते, म्हणून त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.